दोन घरांची खात्री

म्हैसूरमध्ये काही वर्षं अशी गेली की सकाळी सात ते आठ या वेळात गावात कुणी खोटं बोलत नसे, आणि त्याला एकमेव कारण माझा आतेभाऊ होता. हे वाक्य मी फुगवून लिहिलं आहे, पण फार नाही. आमच्या वॉर्डातला इंजिनिअर बरोबर सातला फोन बंद करून देवपूजेला बसायचा आणि आठ वाजून एक मिनिटाने देव उरकायचा. मंगल कार्यालयांचे मालक त्या तासात अनोळखी नंबर आला की बायकोला उचलायला लावत. एका हॉटेलवाल्याने तर गल्ल्यापाशी पाटीच टांगली होती की सात ते आठ मालक भेटणार नाहीत. पावणेसातला आणि सव्वाआठला तो तिथेच चटणी वाढत उभा असे. कारण त्या तासात माझा आतेभाऊ एका खासगी रेडिओ स्टेशनच्या दुसऱ्या मजल्यावरून, मनात येईल त्याला फोन लावायचा आणि साऱ्या गावाच्या देखत गोड कानडीत विचारायचा, "नमस्कार. झोप झाली ना नीट?" ज्याला हा प्रश्न विचारला जाई त्याची पुढचे आठ दिवस झोप होत नसे.

काचेच्या अलीकडे, त्याच्यासमोर, मी अकरा वर्षं बसलो. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णा म्हणतो, तो मला तम्मा म्हणतो. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. कागदोपत्री मी कार्यक्रमाचा सहायक होतो. खरं काम तीन प्रकारचं: आलेली तक्रार ऐकून घ्यायची, तिची खात्री करायची आणि वेळ झाली की नंबर लावून द्यायचा. पुढे लपवायचा मोह होऊ नये म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ज्या एका चुकीमुळे अण्णाचा कार्यक्रम बंद पडला, ज्या चुकीमुळे आजही लोक त्याचं नाव निघालं की एका म्हातारीचा जीव त्याच्या खात्यावर टाकतात, ती चूक माझी होती. त्याने ती अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली.

आम्ही मूळचे रंगारी. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहून आमची मराठी अर्धी कानडी झाली आहे. पुण्याकडचा पाहुणा आला की पहिल्या दिवशी तो आमच्याशी हळूहळू बोलतो, आम्ही बहिरे असल्यासारखं. अण्णाचे वडील हे घराण्यातले शेवटचे रंगारी, त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. "माझ्या बापाला चोरी करता आलीच नसती," असं अण्णा सांगायचा, "ज्याला हात लावील ते निळं." स्वतः अण्णाने रंगाला कधी हात लावला नाही. त्याचं पहिलं काम म्हणजे दसऱ्याच्या प्रदर्शनात हरवलेल्या मुलांची घोषणा करणं. एकोणीस वर्षांचा होता. इतर लोक कपड्यांचं वर्णन करून पालकांना बोलवत; अण्णा पालकांची हजेरी घ्यायचा. "एक मुलगी आमच्याकडे आहे. पिवळा फ्रॉक. बाबांचं नाव विचारलं तर म्हणते, बाबा फोनवर आहेत. फोन झाला असेल तर बाबांनी यावं." लोक पाळणे सोडून त्या मांडवापाशी गर्दी करू लागले. मूल घ्यायला आलेल्या बापाला शंभर माणसांतून मान खाली घालून जावं लागे. अण्णाला तिथेच कळलं की माणसाला शिक्षा करायला हात उचलावा लागत नाही, चारचौघांत शांतपणे नाव घेतलं की पुरतं. मला वाटतं, हे त्याला फार लवकर कळलं.

तिथून तो गावच्या केबलवर गेला, आणि केबलवरून रेडिओवर. रेडिओवाल्यांनी त्याला पहाटे पाचचं भक्तिगीतांचं काम दिलं, कारण त्या वेळी कुणी ऐकत नाही अशी त्यांची समजूत होती. अण्णाने पहिल्याच आठवड्यात दोन भजनांच्या मध्ये, देवाच्याच आवाजात, अमुक गल्लीत तीन दिवस पाणी नाही आणि पाणी सोडणारा माणूस मेव्हण्याच्या लग्नाला गेला आहे, असं सांगितलं. दुपारी पाणी आलं. महिन्याभरात त्याला सातची वेळ मिळाली.

त्याच्या सवयी ऐकल्या तर तुम्ही म्हणाल, हा माणूस रेडिओवर होता की देवळात. स्टुडिओत तो अनवाणी यायचा. शर्ट रोज कडक इस्त्रीचा, रेडिओवर कोण बघतंय, असं कुणी म्हटलं की विचारायचा, "दिसत नाही म्हणून चुरगळून बोलू का?" आठ वाजेपर्यंत पोटात फक्त गरम पाणी. घसा तापवायला इतर लोक गातात, हा म्हैसूरच्या बसथांब्यांची नावं क्रमाने म्हणायचा. कुवेंपुनगरपासून सुरू करून मेटगळ्ळीला पोचला की आवाज तयार झाला असं समजायचं. एकदा वाटेतला एक थांबा विसरला तर अस्वस्थ होऊन पुन्हा पहिल्यापासून निघाला, आणि सातचा कार्यक्रम दोन मिनिटं उशिरा लागला.

पण त्याचं खरं हत्यार बोलणं नव्हतंच. समोरचा खोटं बोलला की अण्णा गप्प व्हायचा. आमच्या यंत्रात अशी सोय होती की आठ सेकंद काही आवाज आला नाही तर बिघाड झाला असं समजून ते आपोआप गाणं सुरू करी. अण्णा सात सेकंद थांबायचा. घड्याळ न बघता. टेबलाखाली पायाची बोटं एकेक करून गालिच्यावर टेकवत तो मोजायचा, मला काचेतून ती बोटं दिसत. पाचव्या बोटापर्यंत इंजिनिअर खाकरायचा आणि सहाव्याला कबूल व्हायचा. सातपर्यंत टिकलेला माणूस मी अकरा वर्षांत दोनदाच पाहिला, त्यातला एक झोपला होता.

आपलं-परकं त्याच्याकडे नव्हतं. त्याच्या सासऱ्यांनी नळाला थेट मोटर लावून गल्लीचं पाणी ओढलं, तर अण्णाने त्यांनाच फोन लावला आणि झोप झाली का विचारलं. सासरे म्हणाले, जावईबापू, आहात कुठे, नाश्त्याला या. साऱ्या गावाने ऐकलं. वहिनी त्याच दिवशी माहेरी गेली. ती माहेरी गेली हेही अण्णाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, कारण दुसऱ्यांची घरं उघडी करतो तर आपलं झाकायचं कसं, असा त्याचा हिशेब. नवव्या दिवशी वहिनी परत आली. आली ती म्हणाली, "अय्यो, मी काय याच्यासाठी आले होय. रस्त्यात भेटेल ती बाई विचारते, कधी जाणार घरी? भाजी घेववेना मला." वकिलांच्या नोटिसा तो न्हाणीघरात दोरीला चिमट्याने लावून ठेवायचा. वाफेने शाई फुटली की केस संपली म्हणायचा. स्कूटरची सीट चारदा फाडली गेली. अर्धं गाव त्याला डोक्यावर घ्यायचं, अर्धं त्याचं डोकं फोडायला टपलेलं असायचं, आणि दोन्ही अर्धी सातला रेडिओ लावायची.

एवढ्या उद्दामपणाला त्याने एकच वेसण घातली होती. आमच्या खोलीच्या भिंतीवर त्याने निळ्या शाईने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: दोन घरं. म्हणजे कुणाचंही नाव हवेत जाण्याआधी, एकमेकांशी नातं नसलेल्या दोन घरांनी तीच गोष्ट सांगितली पाहिजे. ही दोन घरं शोधणं माझं काम. ज्याच्यावर आरोप आहे त्याला मात्र आधी विचारायचं नाही, हाही त्याचाच नियम. मी एकदा म्हटलं की आधी फोन करून बघूया. तर म्हणाला, "सांगून गेलं की माणूस उत्तर तयार ठेवतो, तम्मा. मला तयार उत्तर नको." मी पुन्हा विचारलं नाही. तो नियम त्याचा आणि पहिला नियम पाळण्याची जबाबदारी माझी, अशी आमची वाटणी होती.

त्या सकाळी साडेसहाला एका बाईचा फोन आला. कुवेंपुनगरमध्ये समोरच्या घरात एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला रोज बाहेरून कुलूप लावून कामाला जातो, दिवसभर कोंडून ठेवतो, असं ती सांगत होती. सुरुवात कानडीत केली, मग माझ्या बोलण्यात काहीतरी ओळखून ती मराठीत आली. आणि ती मराठी आमची होती. रंगाऱ्यांची. पुस्तकातली नाही, पाहुण्यांची नाही. माझी आई चुलीपाशी जी बोलायची ती. आता ती बोलणारी घरं गावात फार उरली नाहीत. मला एकदम बरं वाटलं. शेजारचं दुसरं घर कुणी सांगेल का, असं विचारलं तर तिने लगेच एक नंबर दिला. तो मी पावणेसातला लावला. तिकडे एक वयस्कर बाई. तीही त्याच मराठीत बोलली, तेच सांगितलं.

आमच्या लोकांत एक रीत आहे. आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं की नाव विचारायच्या आधी विचारायचं, "तुम्ही कुणाच्यातले?" दोन मिनिटांत नातं सापडतं, कारण आम्ही सगळेच एकमेकांचे काहीतरी लागतो. माझी आई बसमध्ये हा प्रश्न विचारून उतरेपर्यंत दोन मावश्या मिळवायची. दुसऱ्या कुठल्याही माणसाने त्या दोन बायकांवर विश्वास ठेवला असता तर एक वेळ समजू शकलं असतं. मी रंगारी. आमच्या भाषेतली दोन घरं म्हणजे बहुतेक वेळा एकच घर असतं, हे मला पाळण्यापासून माहीत. तरी मी विचारलं नाही. आणि आणखी एक, जे मी आजवर फक्त स्वतःला सांगत आलो: पहिल्या फोनच्या मागे एक मुलगी मोठ्याने कानडीत साताचा पाढा म्हणत होती. दुसऱ्या फोनच्या मागे तोच आवाज आठाचा पाढा म्हणत होता. मी दोन्ही ऐकले. सकाळी कुठल्या घरात पाढे नसतात, असं मनाशी म्हणून मी काचेवर टकटक केली आणि अण्णाला दोन बोटं दाखवली. दोन घरं.

मागाहून कळलं, पहिली त्या माणसाची सख्खी बहीण होती आणि दुसरी तिची सासू. बाप गेल्यापासून भावाबहिणीचं बोलणं नव्हतं. कुलूप खरं होतं, म्हणजे दोघी तेवढ्यापुरतं खरंच बोलल्या. खोटं एवढंच की समोर राहतो म्हणाल्या. तिथे राहत असत्या तर त्यांना हेही ठाऊक असतं की म्हातारीला काही आठवत नाही, ती दोनदा रस्त्यावर हरवली होती, दुपारच्या सुट्टीत तिला जेवू घालायला मुलगा घरी येतो.

सात चाळीसला अण्णाने फोन लावला. तो माणूस मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात कामाला होता आणि त्या वेळी कारखान्याच्या बसमध्ये बसला होता. ड्रायव्हरने नेहमीसारखा रेडिओ लावलेला. म्हणजे त्याने फोन कानाला लावला तेव्हा अण्णाचा आवाज त्याला फोनमधून आला आणि बसच्या छतातूनही आला, आणि चाळीस माणसं वळून बघू लागली. अण्णाने झोपेचं विचारलं. मग विचारलं, "आत्ता, या क्षणी, तुमच्या घराला बाहेरून कुलूप आहे का?" तो म्हणाला, "आहे." "आत कोण आहे?" "अम्मा." "कुलूप कुणी लावलं?" तो म्हणाला, "मीच."

अण्णा गप्प झाला. मला त्याची बोटं दिसत होती. पाच, सहा, सात. समोरून काही नाही. हा माणूस खोटं बोललाच नव्हता, त्यामुळे कबूल काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. अण्णाला ते बहुधा सातव्या बोटाला जाणवलं, कारण त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि आठवा सेकंद निघून गेला. यंत्राने गाणं सुरू केलं. लग्नाच्या वरातीत वाजतं तसलं, ढोलताशांचं. ते साऱ्या म्हैसूरभर वाजलं. त्या बसमध्येही.

पुढचं सगळं चांगल्या लोकांनी केलं. अर्ध्या तासात रेडिओ ऐकून धावत आलेल्यांनी कुलूप तोडलं. म्हातारीला केळी दिली, फोटो काढले, आणि नऊ वाजता सगळे आपापल्या कामाला गेले. दार मोडलेलं होतं, ते ओढून घेतलं तरी राहत नव्हतं. मुलगा साहेबांची परवानगी घेऊन साडेदहाला घरी पोचला तेव्हा घरात कुणी नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैलकुप्प्याला सापडली, तिबेटी मठाच्या मुदपाकखान्यात. बसच्या कंडक्टरला तिने सांगितलं होतं की मुलगा पुढे गेलाय, आणि त्याने बसू दिलं होतं. रात्र तिने कुठे उघड्यावर काढली ते कुणाला कळलं नाही. भिक्षूंनी तिला गरम पेज दिली होती, खांद्यावर त्यांची लाल शाल घातली होती, आणि ती त्यांच्या घोळक्यात बसून वाटाणे सोलत होती. शाल काढू देईना. त्या शालीसकट तिला दवाखान्यात नेलं. छातीत कफ भरला होता. नवव्या दिवशी ती गेली.

आमच्या मॅनेजर बाईंनी दोघांना समोर बसवून विचारलं की खात्री कुणी केली होती. मी तोंड उघडलं असतं, असं मला वाटतं, अजूनही वाटतं. पण टेबलाखाली अण्णाचा अनवाणी पाय माझ्या बुटावर पडला आणि तो म्हणाला, "मी. तक्रार मीच घेतली, दुसरं घर मी विचारलंच नाही." दुसऱ्या दिवशी त्याने सातला हेच गावाला सांगितलं, त्या माणसाची नाव घेऊन माफी मागितली, आणि सात वाजून चार मिनिटांनी चपला शोधू लागला. स्कूटरपाशी मी त्याला विचारलं, असं का केलंस. म्हणाला, "तुझ्या दोन मुली शिकतायत. मला काय, दोरीला आणखी एक नोटीस." मी त्यावर हसलो. मला आठवतं, मी खरंच हसलो.

त्याची जागा एका मुलीला मिळाली. ती गाणी लावायची, राशी सांगायची, आणि मला बढती मिळाली. बाजारात, लग्नात लोक माझ्यासमोर अण्णाबद्दल बोलायचे. "तुमचा तो भाऊ, म्हातारीला मारलं ना त्याने." मी म्हणायचो, हो, वाईट झालं. अडीच वर्षं मी एवढंच म्हणत आलो.

अण्णा पहिले दोन महिने रोज सातला त्या माणसाच्या गेटाबाहेर जाऊन उभा राहायचा. तो माणूस कामाला निघायचा, याच्या बाजूने जायचा, बघायचा नाही. मग एक दिवस अण्णा जायचा थांबला आणि त्याच कॉलनीत दुसऱ्या एका घरी गेला, जिथे एक निवृत्त मास्तर स्वतःचं नाव विसरले होते आणि सून नोकरीला जाताना रडत कुलूप लावायची. तिला म्हणाला, मी बसतो. आता तशी तीन घरं आहेत. वार वाटून घेतले आहेत. इस्त्रीचा शर्ट घालून तो सातला हजर असतो, पेपर वाचून दाखवतो, कोण काय म्हणालं त्याच्या नकला करतो, दार सताड उघडं ठेवतो. मी एकदा विचारलं, कसं चाललंय. "तीन श्रोते आहेत," तो म्हणाला. "त्यातल्या दोघांना मी कालचा आठवत नाही. एवढी चांगली नोकरी आजवर मिळाली नव्हती, तम्मा."

गेल्या महिन्यात मी त्या माणसाच्या घरी गेलो. का गेलो याचं काही मोठं कारण नाही. धाकट्या मुलीने जेवताना विचारलं की अण्णाकाका इतके वाईट होते का, आणि मी ताट सरकवून उठलो. त्याने दार उघडलं, ओळखलं नाही, तरी आत घेतलं. मी आमच्या मराठीत सगळं सांगितलं: फोन, पाढे, दोन बोटं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पाढे माझी भाचीच म्हणत होती. हुशार आहे." चहा आणून ठेवला आणि म्हणाला, "दोन घरं विचारा, नाहीतर दहा विचारा. मला कुणी विचारलं नाही की. तेवढं काही तुमचं नाही, ते त्यांचं." तो नियम अण्णाचाच होता. मी मान हलवली. त्याने एक गोष्ट आणखी सांगितली, रागाने नाही, चहाचा कप उचलता उचलता. कुलूप लावताना अम्माला सोबत म्हणून तो रोज रेडिओ लावून ठेवायचा. आमचंच स्टेशन. अम्माला अण्णाचा आवाज आवडायचा, ती त्याला उत्तरं द्यायची. त्या दिवशीही लावला होता. "माझा आवाज तिने त्यात ऐकला असणार. रेडिओत मी बोललो, मग गप्प झालो. म्हणून शोधायला निघाली."

मी निघालो तेव्हा म्हणालो की मला माफ करा. तो गेटाशी उभा राहून म्हणाला, "मला कशाला सांगता? मला काय, खरं काय ते मला तेव्हाही माहीत होतं. बसमध्ये सांगा. त्या लोकांनी ऐकलंय."

पुढच्या सोमवारी सात चाळीसला मी त्या राशीवाल्या मुलीला बाजूला बसायला सांगितलं आणि माइक पुढे ओढला. कानडीत बोललो. खात्री माझ्या भावाने नाही, मी केली होती. ती चुकीची होती हे कळायला मला एक प्रश्न पुरला असता. तो माणूस आईला सांभाळत होता. माझ्या भावाने माझी चूक अंगावर घेतली आणि मी अडीच वर्षं गप्प बसलो. दीड मिनिट लागलं असेल. आठ वाजता मॅनेजर बाईंनी माझं ओळखपत्र मागून घेतलं. त्यांचंही बरोबर होतं.

मी थेट मास्तरांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. अण्णा मास्तरांना संत्र्याच्या फोडी सोलून देत होता, त्यातल्या बिया काढून. त्याला कुणीतरी फोन करून सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. हातातली फोड सोलून झाल्यावर म्हणाला, "तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? एक गोष्ट मी आयुष्यात नीट केली होती, तीही ठेवली नाहीस." मग आवाज चढला. "आणि तो बसमध्ये बसलेला असेल. पुन्हा ऐकवलंस त्याला. सुम्ने, उगाच, आपलं मन हलकं करायला."

मी म्हटलं, "त्यानेच सांगितलं, बसमध्ये सांगा म्हणून."

अण्णाचे हात थांबले. "कुणी सांगितलं?"

"त्यानेच. मी गेलो होतो त्याच्याकडे."

"तो बोलला तुझ्याशी?"

"बोलला. चहा दिला."

अण्णा खुर्चीत मागे टेकला. त्याचे केस सगळे पांढरे झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. म्हणाला, "माझ्याशी अजून नाही बोललेला." मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "सांग. पहिल्यापासून. दारात काय म्हणाला?"

मी सांगितलं. दारात काय म्हणाला, घरात कुठे बसला, कपाला कान नव्हता, भाचीला हुशार म्हणाला. 'ते त्यांचं' म्हणाला तेही सांगितलं, आणि अण्णाने हळूच मान हलवली, जशी मी हलवली होती. रेडिओची गोष्ट आली तेव्हा मी अडखळलो. ती गाळावी असं फार मनात आलं. पण गाळून झालं होतं माझं पुष्कळ. मी तीही सांगितली.

बाहेरून कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. मास्तरांनी हात पुढे केला, तेव्हा त्याने त्यांच्या तळहातावर एक फोड ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली.

"काय उत्तर द्यायची मला?" त्याने विचारलं.

मला ते माहीत नव्हतं. ते मी विचारलं नव्हतं. तसं त्याला सांगितलं.

"विचारून ये," तो म्हणाला. मग लगेच म्हणाला, "नको. राहू दे." आणि मास्तरांच्या हनुवटीवरचा रस पुसत, "आपण दोघं जाऊ. गेटाबाहेर उभा राहीन मी. तू आत जा आणि विचार."